राखणाऱ्याचं घर

लेण्याद्रीच्या डोंगरात जवळपास तीस लेणी आहेत. सगळी दक्षिणेकडे तोंड करून पूर्व-पश्चिम ओळीने कोरलेली. सातव्या लेण्यात गिरिजात्मज आहे, त्यामुळे अष्टविनायकाच्या यात्रेला निघालेला माणूस तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून थेट तिथे जातो, दर्शन घेतो, एवढ्या मोठ्या मंडपात एकही खांब नाही याचं नवल करतो आणि उतरायला लागतो. शेजारच्या सहाव्या लेण्यात चैत्यगृह आहे. ते कल्याणच्या सुलसदत्ताने दान दिल्याचा लेख तिथे आहे आणि इतक्या शतकांनंतरही ते नाव वाचता येतं. माझे पाय मात्र रेंगाळतात ते लेण्यांच्या आजूबाजूला कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यांपाशी.

जुन्नर परिसरातल्या शिलालेखांत अशा टाक्याला ‘पोढी’ म्हटलं आहे. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या एका श्रेणीने सात खोल्यांचं लेणं दिलं, आणि त्याच लेखात पोढी दिल्याचीही नोंद केली. नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम याने वर्ष ४६ मध्ये मानमोडीच्या डोंगरात मंडप दिला, तोही पोढीसह. राहायला जागा देणारा पाण्याची सोयही लगेच करतो, आणि एवढ्यावर थांबत नाही. काहींनी शेतजमिनी लावून दिल्या. काहींनी बांबूकाम करणाऱ्यांच्या, कासारांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्या. नाशिकच्या लेण्यांत उषवदात नावाच्या दात्याने विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण ठेवल्याचा लेख आहे: मुद्दल मोडायचं नाही, व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांचा आणि बारीकसारीक गरजांचा खर्च चालवायचा. याला अक्षयनीवी म्हणत. पुढच्या वर्षांचा खर्च दान देतानाच कागदावर, म्हणजे खरं तर दगडावर, आलेला होता.

दान देणाऱ्यांची नावं राहिली. पोढीत उतरलेला गाळ कुणी उपसला, कातळातल्या पन्हळीत अडकलेला पालापाचोळा कुणी काढला, त्यांचं नाव कुठेच नाही. लेणी राहती राहिली ती मात्र या दुसऱ्या माणसांमुळे. घर बांधणाऱ्याचं असतं तितकंच ते राखणाऱ्याचं असतं. आणि राखण्याचं काम शक्य तेवढं स्वतःच्या हातांनी करावं, असं मला मनापासून वाटतं.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत गोळेगाव, ओतूर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव या पट्ट्यात घरांचं रूप पालटलं. ऊस, कांदा, टोमॅटो, द्राक्षं यांचा पैसा आला, कौलं उतरली, स्लॅब पडले. कष्टाचं घर आहे, त्याचा आनंद रास्तच आहे. पण बहुतेक घरांत शेवटचा रुपया बांधकामात जातो, वास्तुशांत होते, आणि दुसऱ्या वर्षासाठी ना पैसा बाजूला असतो ना विचार. स्लॅब पडला की आता कायमचं निवांत, ही समजूत फार खोल गेली आहे. कौलारू घर मालकाला दर वर्षी वैशाखात वर चढायला लावायचं. कौलं उतरवायची, वासे-रिपा बघायच्या, फुटकं कौल बदलायचं, घर शाकारून घ्यायचं. त्या निमित्ताने घराचा प्रत्येक सांधा माणसाच्या नजरेखालून जायचा. स्लॅबच्या घरात गच्चीवर पापड वाळत घालायला जातो आम्ही. गच्ची बघायला कुणी जात नाही.

शिवाय या मुलखात सगळीकडे एकच नियम लागू पडत नाही. नाणेघाटाकडे, भीमाशंकराकडे पाऊस धो धो कोसळतो. तोच पूर्वेला आळेफाटा ओलांडेपर्यंत विरळ होतो. एकाच तालुक्यात उतरत्या छपरांची आणि सपाट छपरांची गावं आहेत. तुमच्या घरावर पाऊस कोणत्या बाजूने झोडपतो, कोणत्या खिडकीतून आत येतो, परसातलं पाणी कोणत्या कोपऱ्यात तुंबतं, हे बाहेरून आलेल्या कंत्राटदाराला कसं माहीत असणार? ते घरात राहणाऱ्यालाच माहीत असतं, तेही त्याने बघितलं असेल तर.

म्हणून गच्चीपासून सुरुवात करावी. मृग नक्षत्र ७ किंवा ८ जूनला लागतं. त्याआधी खराटा, बादली आणि खडूचा तुकडा घेऊन वर जावं. आधी पालापाचोळा काढायचा, पावसाळी पाइपाच्या तोंडावरची जाळी मोकळी करायची, मग दोन-चार बादल्या पाणी ओतून ते कुठे जातं हे बघत उभं राहायचं. गच्चीला दर शंभर फुटांमागे निदान एक फूट उतार हवा, म्हणजे दहा फुटांच्या खोलीवर सव्वा इंच. एवढा उतार डोळ्याला कळत नाही, पाण्याला कळतो. पाणी जिथे थबकेल तिथे खडूने गोल करून ठेवावा. कठड्याची भिंत आणि स्लॅब जिथे मिळतात तिथे सिमेंटचा गोलसर वाटा मारलेला असतो. ओल पुष्कळदा गच्चीच्या मधोमध नसते, ती या सांध्यातून उतरते. थापीच्या मुठीने वाटा ठोकत जावं. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ आला तर तेवढा तुकडा काढायचा, जागा घासून ओली करायची, नवा माल भरायचा आणि निदान सात दिवस पाणी मारायचं. हे पाणी मारणंच सगळ्यात कंटाळ्याने होतं. तीन दिवसांत सुटलेलं सिमेंट आपण ‘माल खराब होता’ म्हणून मोडीत काढतो, तेव्हा पुष्कळदा माल नाही, आपणच कमी पडलेलो असतो.

गच्चीच्या भेगेत, पाइपाच्या मागे, संडासाच्या भिंतीवर पिंपळ उगवतो. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी येतं, ओल मिळाली की रुजतं. दोन पानांचं रोप दोन बोटांनी निघतं. त्याला दोन पावसाळे दिले की मूळ भिंतीत शिरतं आणि भिंत फोडल्याशिवाय निघत नाही. आपल्या गडकोटांचे कितीतरी चिरे असेच ढळले आहेत. पिंपळ उपटायला अनेकांचा हात धजत नाही आणि त्या भावनेचा मी आदर करतो. म्हणून तर तो लहान असतानाच मुळासकट काढावा आणि गावाबाहेर, ओढ्याकाठी मोकळ्या जमिनीत लावावा. झाडही जगतं, घरही.

जुन्या मातीच्या भिंतींबद्दल थोडं सविस्तर बोललं पाहिजे, कारण तिथे चांगल्या हेतूने नुकसान होताना दिसतं. वाड्याची किंवा जुन्या घराची पांढऱ्या मातीची भिंत ओल घेते आणि ओल सोडते. तिला चुना चालतो, माती-शेणाचं सारवण चालतं, कारण ती दोन्ही ओल बाहेर जाऊ देतात. तिच्यावर सिमेंटचा गिलावा मारला की बाहेरून भिंत टणक आणि नवी दिसते, पण आतली ओल कोंडते. जोत्यातून वर चढलेलं पाणी बाहेर पडायला वाट शोधतं, आतली माती सैल होते आणि काही वर्षांनी गिलाव्याचा पापुद्रा मातीचा थर घेऊनच खाली येतो. भिंत मातीची असेल तर डागडुजी मातीचीच करावी. माती चाळून, भुसा किंवा गवताचे तुकडे घालून, चांगली कुजवून घ्यावी. वरून विरलेल्या चुन्याचे दोन हात द्यावेत. हे काम घरातली माणसं करू शकतात, खर्च फारसा येत नाही आणि चुकलं तरी पुन्हा करता येतं.

इथे एका गोष्टीची नोंद करायला हवी. पूर्वी घराची ही रोजची पाहणी बायका करत होत्या आणि आपण तिला पाहणी म्हणत नव्हतो. पहाटे अंगण झाडणं, सडा घालणं, आठवड्याला सारवणं, चूल पोतेरणं. जोत्यावर वाळवीची मातीची रेघ चढायला लागली की ती पहिल्यांदा सारवणाऱ्या हाताला लागायची. उंदराचं बीळ, खचलेला कोपरा, ओलावलेली भिंत, सगळं आधी त्यांना ठाऊक. आता फरशी आली, कष्ट कमी झाले, ते कमी व्हायलाच हवे होते. पण ती नजर दुसऱ्या कुणी उचलली नाही. घरातल्या पुरुषांनी ती उचलायला काय हरकत आहे? रविवारी सकाळी घराभोवती एक फेरी मारायची, हात भिंतीवरून फिरवायचा. गळणाऱ्या नळाचा वॉशर बदलायला एक पान्हा आणि थोडा वेळ पुरतो. सेकंदाला एक थेंब म्हटला तरी दिवसाचे ८६,४०० थेंब होतात, आणि थेंब अगदी लहान धरला तरी चार लिटरच्या वर पाणी जातं. एप्रिल-मे महिन्यात टँकरची वाट बघणाऱ्या वाडीला विचारावं, चार लिटर म्हणजे किती.

स्वतः करायचं म्हणजे सगळंच स्वतः करायचं असं नाही. स्लॅबखालून गंजलेली सळई दिसायला लागली तर अभियंत्याला बोलवावं. वरून गिलावा मारून ती झाकू नये. विजेचा बोर्ड उघडायचा तर वायरमन. वीज गळू लागली की ती तोडणाऱ्या खटक्यावर चाचणीचं बटण असतं, ते मात्र महिन्यातून एकदा आपणच दाबून बघायचं. कौलांवर एकट्याने चढू नये, फळी टाकल्याशिवाय पाय ठेवू नये. लेण्याद्रीच्या पायथ्याला माकडं कौलं हलवतात, म्हणून जादा कौलांची थप्पी जवळ असलेली बरी. आणि सेप्टिक टँकमध्ये कुणीही, काहीही झालं तरी उतरायचं नाही. आतला वायू काही क्षणांत माणूस पाडतो, आणि त्याला काढायला गेलेला दुसराही परत येत नाही.

डोंगराच्या कुशीत राहणाऱ्यांना आणखी एक गोष्ट बघावी लागते. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर घसरला आणि १५१ माणसं गेली. तिथे कुठल्या घरमालकाच्या हातात काही होतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण उतारावर घर असलेल्या प्रत्येकाने काही खुणा ओळखायला शिकावं: घरावरच्या उतारात नव्याने पडलेली भेग, एका बाजूला कललेली झाडं किंवा खांब, एकाएकी गढूळ झालेला झरा, दार-खिडकी अचानक अडकायला लागणं. संततधार पाऊस असताना यातलं काही दिसलं तर दुरुस्ती करत बसायचं नाही. माणसं आणि जनावरं घेऊन बाहेर पडायचं आणि तहसीलला कळवायचं.

आता परसाबद्दल. दुसरीकडे कुठे परस साफ ठेवणं ही हौस असेल, इथे नाही. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे ही कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, पाटाला पाणी आलं, पाण्यामागे ऊस आला आणि उसात बिबट्या वस्तीला आला. उसात आडोसा मिळतो आणि पिल्लं वाढवायला शांत जागा. वस्तीभोवती कुत्री, शेळ्या, कोंबड्या असतातच. २००१ ते २००३ या काळात जुन्नर भागात माणसांवरचे हल्ले एकाएकी वाढले. पिंजरे लावून बिबटे पकडले गेले, दूरच्या जंगलांत सोडले गेले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी याचा अभ्यास केला तेव्हा दिसलं, की असे उचलून सोडल्याने हल्ले घटले नाहीत, वाढलेच. पिंजरा लागला की आपल्याला धीर येतो, हे खरं आहे. पण एक बिबट्या नेला तरी मोकळ्या झालेल्या उसात दुसरा येतो.

ज्या घरातलं लेकरू बिबट्याने नेलं, त्या आईबापांना सहजीवनाच्या गोष्टी सांगण्याचा अधिकार मला नाही, कुणालाच नाही. त्यांचं दुःख मोठं आहे आणि शासनाची जबाबदारी त्याहून कमी नाही. मी फक्त अंगणापुरतं बोलतो, कारण अंगण आपलं आहे. ऊस घराच्या भिंतीला टेकलेला नसावा. मधे मोकळी, नजर पोचेल अशी जागा हवी. एखादी सरी कमी निघेल, निघू द्यावी. मागच्या दाराशी, गोठ्यापाशी आणि संडासाच्या वाटेवर दिवा हवा, आणि तो रोज लागतो का हे बघणारं कुणीतरी घरात हवं. गोठा किंवा शेळ्यांची झोपडी चारी बाजूंनी बंद करून वर उघडी ठेवली तर उपयोग नाही, बिबट्या चढतो. जाळी वरूनही हवी आणि दाराला खरी कडी हवी, सुतळी नव्हे. कुत्रं रात्री अंगणात साखळीला बांधलं तर आपणच त्याला वाढून ठेवल्यासारखं होतं. कोंबडीची पिसं-आतडी उकिरड्यावर न टाकता पुरावीत. मोडकी अवजारं, पत्रे, पोती, वाढलेली घाणेरी घराला चिकटून नकोत. अंधार पडायच्या वेळी मुलं परसात एकटी नकोत. बसलेला किंवा वाकलेला माणूस जनावराला लहान वाटतो, हे गवत कापणाऱ्या आणि ऊस तोडणाऱ्या बायाबापड्यांनी लक्षात ठेवावं. कुंपणात वीज सोडणं हा तर गुन्हाच आहे. त्या तारेला बिबट्याआधी घरचंच माणूस लागण्याची भीती असते. तोडणीत पिल्लं सापडली तर हात लावू नये. वन खात्याची आणि माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्राची माणसं ती पुन्हा आईजवळ पोचवण्याचं काम करतात.

याच साफसफाईत सापाचाही बंदोबस्त होतो. सरपणाचा ढीग भिंतीपासून दूर आणि दगडांवर उचलून ठेवला की खाली काय आहे ते दिसतं. धान्य सांडलेलं नसलं की उंदीर नाहीत, उंदीर नसले की त्यांच्यामागे येणारा नाग नाही. दंश झालाच तर मांत्रिकाकडे नाही, दवाखान्यात. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत सर्पदंशावर वर्षानुवर्षं काम करत आले आहेत, आणि या भागात सर्पदंशाचे रुग्ण उपचाराने बरे होऊन घरी जातात.

या सगळ्याचं वेळापत्रक नव्याने करायची गरजही नाही. आपल्या पंचांगातल्या सणांत ते आहेच, फक्त आपण त्यातलं काम वगळून जेवण ठेवलं. मृगाआधी छप्पर. आषाढी अमावास्येला दिवे घासून मांडायचे, त्याच दिवशी अंगणातले, गोठ्यातले बल्ब आणि वायरी बघाव्यात. पोळ्याला गोठा. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करायची, तर थापी, करवत, पान्हा, कोयता यांना आधी धार आणि तेल द्यावं, मग हळदीकुंकू. दिवाळीला पाऊस ओसरलेला असतो, भिंतीवर ओल कुठवर चढली होती ते स्पष्ट दिसतं. रंग देण्याआधी ती रेघ पेन्सिलीने नोंदवून ठेवावी. उन्हाळ्यात पाण्याची टाकी धुवायची. पावसाळ्यात आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी, पिंपं, कुंड्यांच्या बशा रिकाम्या करून कोरड्या करायच्या, कारण डेंगीचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात आठ-दहा दिवसांत तयार होतो.

आणि पैशांचं. घर बांधताना अंदाजपत्रकात एक ओळ वाढवावी: देखभालीची ठेव. रंग थोडा साधा घेतला, गेटवरची नक्षी सोडली, तर ती रक्कम निघते. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून दरसालची डागडुजी. सोबत एक वही ठेवावी. पाण्याची आणि विजेची लाइन भिंतीतून कुठून गेली, गळती कधी कुठे निघाली, टाकी कधी धुतली, कोणता माल वापरला, हे तीत लिहावं. घर पुढच्या पिढीकडे जाताना सात-बारा आणि खरेदीखताच्या पिशवीत ही वहीही जावी. खरेदीखतावरून घर कुणाचं ते कळतं, पण पाणी कुठून झिरपतं ते या वहीतच सापडेल.

मृग लागायच्या आधीचा एक रविवार गच्चीला द्या. वर जाताना घरातल्या एका मुलाला किंवा मुलीला बरोबर घ्या. बादली त्यांच्या हातात असू द्या आणि पाणी थबकेल तिथे खडूचा गोल त्यांनाच काढू द्या.